थीम पार्कमधला कॅरेक्टर ब्रेकफास्ट : नोंदणीपासून बिलापर्यंत

लातूर, नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगर या भागांतून अमेरिकेतल्या मुला-मुलींकडे जाणारी अनेक कुटुंबे फ्लोरिडातील ऑरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जातात आणि नातवंडांच्या हट्टाखातर तिथल्या ‘कॅरेक्टर ब्रेकफास्ट’चे पैसे भरतात. नाश्ता चालू असतानाच मिकी, मिनी, डोनाल्ड, गूफी अशी पात्रे प्रत्येक टेबलाजवळ येऊन मुलांना भेटतात, अशी ही व्यवस्था आहे. भरपूर पैसे मोजूनही पुष्कळ कुटुंबे तिथून हिरमुसून उठतात. मूल घाबरून रडलेले असते, आजी जवळजवळ उपाशी असतात आणि पात्र टेबलाशी आले त्या क्षणी वडील ताट हातात घेऊन बुफेच्या रांगेत उभे असतात. या तिन्ही गोष्टी टाळता येतात. त्यासाठी तयारीचा क्रम पाळावा लागतो आणि त्या क्रमाच्या मुळाशी एक गोष्ट पक्की धरावी लागते : मोजलेल्या पैशांतला मोठा वाटा मुलाला मिळणाऱ्या काही मिनिटांच्या भेटीचा आहे, म्हणून प्रत्येक निर्णय त्या मुलाची झोप, भूक आणि भीती पाहून घ्यावा.

पुढील सूचना वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या नियमांना धरून लिहिल्या आहेत. हाँगकाँग डिस्नेलँड हॉटेलमधील एन्चांटेड गार्डन किंवा टोकियोच्या डिस्ने अँबॅसडर हॉटेलमधील शेफ मिकी येथे जाणाऱ्यांनाही हाच क्रम उपयोगी पडेल. मात्र नोंदणीचे दिवस, दर आणि रद्द करण्याचे नियम त्या त्या ठिकाणचे पाहावेत आणि घड्याळाचा हिशेबही वेगळा धरावा, कारण हाँगकाँग आपल्या अडीच तास पुढे आहे, तर टोकियो साडेतीन तास.

टप्पा १ : जागा ठरवणे

सर्वात आधी ठरवायचे ते हे, की नाश्ता पार्कच्या आत करायचा की डिस्नेच्या एखाद्या हॉटेलमध्ये. पार्कच्या आतील ठिकाणी जाण्यासाठी त्या दिवसाचे पार्कचे तिकीट लागते. हॉटेलमधील ठिकाणी ते लागत नाही. हा फरक अनेकांना ठाऊक नसतो, आणि मग केवळ नाश्त्यासाठी पार्कचे महागडे तिकीट काढले जाते किंवा तिकिटाच्या दिवसातले दीड-दोन तास टेबलावर खर्च होतात.

पार्कच्या आतील प्रसिद्ध ठिकाणांपैकी मॅजिक किंगडममधील क्रिस्टल पॅलेस येथे विनी द पूह आणि त्याचे मित्र भेटतात, त्याच पार्कातील सिंड्रेलाच्या किल्ल्यामधील सिंड्रेलाज रॉयल टेबल राजकन्यांसाठी ओळखले जाते, तर ॲनिमल किंगडममधील टस्कर हाऊस येथे डोनाल्ड आणि मंडळी सफारीच्या वेशात असतात. हॉटेलांपैकी कंटेम्पररी रिसॉर्टमधील शेफ मिकीज येथे मिकी, मिनी, डोनाल्ड, गूफी आणि प्लूटो येतात. याच इमारतीच्या पोटातून मोनोरेल जाते, त्यामुळे लहान मुले तिथे वाट पाहतानाही रमतात. रिव्हिएरा रिसॉर्टमधील टोपोलिनोज टेरेस, बीच क्लबमधील केप मे कॅफे आणि पॉलिनेशियनमधील ओहाना हीही हॉटेलांतील ठिकाणे आहेत. यांपैकी शेफ मिकीज आणि केप मे कॅफे येथे बुफे असतो, ओहाना येथे सर्वांसाठी मिळून पदार्थ टेबलावर आणले जातात आणि टोपोलिनोज येथे प्रत्येकाने आपला पदार्थ निवडून मागवायचा असतो.

पहिल्यांदाच जाणाऱ्या आणि सोबत आजी-आजोबा असलेल्या कुटुंबाने हॉटेलमधील ठिकाण निवडावे आणि ते पार्कमध्ये न जाण्याच्या दिवशी ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या दिवशी घाई नसते, दुपारी परतून झोपता येते आणि ‘राइड चुकते आहे’ या धाकाखाली कोणी मुलाला घास भरवत नाही.

आजी-आजोबांचे गुडघे दुखत असतील, तर बुफेपेक्षा टेबलावर पदार्थ आणून देणारे ठिकाण चांगले. खाण्याच्या बाबतीत कोणी फार चोखंदळ असेल, तर बुफे चांगला, कारण तिथे पदार्थ डोळ्यांनी पाहून घेता येतो. दोन्ही अडचणी एकाच घरात असतील, तर बुफे घ्यावा आणि ज्येष्ठांचे ताट तरुणांनी आणून द्यावे.

तपासून घ्या : ज्या पात्रासाठी मूल हट्ट धरून बसले आहे ते पात्र त्या ठिकाणी, नाश्त्याच्याच वेळी येते का, हे डिस्नेच्या संकेतस्थळावर स्वतः वाचावे. एकाच ठिकाणी सकाळी वेगळी पात्रे आणि रात्री वेगळी, किंवा रात्री कोणीच नाही, असे असू शकते. जुन्या व्हिडिओवर विसंबून राहू नये.

टप्पा २ : दिवस आणि वेळ

भारतातून गेलेल्या माणसाचे शरीर पहिले काही दिवस भारताच्याच घड्याळावर चालते. उन्हाळ्यात फ्लोरिडामध्ये सकाळचे ८ वाजतात तेव्हा मराठवाड्यात संध्याकाळचे ५.३० वाजलेले असतात, म्हणजे आजी-आजोबा पूर्ण जागे असतात. तिथे दुपारचा १ वाजतो तेव्हा इथे रात्रीचे १०.३० झालेले असतात आणि त्यांचे डोळे मिटू लागतात. म्हणून नुकतेच पोहोचलेल्यांसाठी सकाळचा लवकरचा नाश्ता ही दिवसातली सर्वात सोयीची वेळ आहे. रात्रीच्या जेवणाचा कार्यक्रम त्यांना जड जातो.

मात्र नातवंडे अमेरिकेतलीच असतील, तर त्यांचे घड्याळही पाहावे. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मुलासाठी फ्लोरिडातील सकाळचे ८ म्हणजे पहाटेचे ५. झोपेतून ओढून आणलेले मूल मिकीकडे पाहणारही नाही. अशा कुटुंबाने साडेनऊ-दहाची वेळ घ्यावी आणि आजी-आजोबांना खोलीवर आधी चहा-बिस्किटे द्यावीत. दोन्ही पिढ्यांची सोय जुळत नसेल, तेव्हा मुलाची वेळ प्रमाण मानावी.

पोहोचल्याच्या लगेच दुसऱ्या सकाळी हा कार्यक्रम ठेवू नये. सामान उशिरा मिळणे, विमान चुकणे, ताप येणे यांना थोडी जागा सोडावी. सोबतचे कोणी एकादशी किंवा संकष्टी धरत असेल, तर नोंदणीपूर्वीच पंचांग पाहावे. उपवासाच्या दिवशी त्यांच्या वाट्याला फळांखेरीज फारसे काही येणार नाही आणि पैसे मात्र पूर्ण द्यावे लागतील.

टप्पा ३ : नोंदणी

सर्वाधिक चुका या टप्प्यावर होतात, म्हणून तो सावकाश वाचावा.

नोंदणी साधारणपणे ६० दिवस आधी उघडते. डिस्नेच्या हॉटेलमध्ये मुक्काम करणाऱ्यांना मुक्कामाच्या पहिल्या दिवसाच्या ६० दिवस आधी पुढील १० दिवसांपर्यंतच्या सर्व नोंदण्या एकाच वेळी करता येतात. संकेतस्थळावर ही नोंदणी फ्लोरिडाच्या वेळेनुसार सकाळी ६ वाजता सुरू होते, आणि इथे मराठवाड्यात बसलेल्या माणसाची सोय आहे, कारण उन्हाळ्यात ते आपले दुपारचे ३.३० असतात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. त्यामुळे हिवाळ्यात हीच वेळ आपल्याकडे दुपारी ४.३० होते. अमेरिकेतल्या मुलाने पहाटे उठण्यापेक्षा लातुरातल्या भावाने किंवा बहिणीने दुपारी नोंदणी करणे कितीतरी सोपे आहे.

उदाहरण घेऊ. मे महिन्याच्या सुट्टीत २० मे रोजी नाश्ता करायचा असेल, तर ६० दिवस आधीचा दिवस २१ मार्च येतो. त्या दिवशी दुपारी ३ वाजताच माय डिस्ने एक्सपिरियन्स हे ॲप किंवा संकेतस्थळ उघडून खात्यात प्रवेश करून बसावे. खाते आदल्या आठवड्यातच तयार करावे. ऐन वेळी ईमेलवर येणाऱ्या सांकेतिक क्रमांकाची वाट पाहण्यात हवी ती वेळ हातची जाते.

त्याआधी तीन गोष्टी करून ठेवाव्यात.

पहिली, कार्ड. नोंदणीसाठी कार्डाचा क्रमांक द्यावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२० सालच्या नियमांनुसार नव्याने मिळालेली कार्डे सुरुवातीला फक्त देशांतर्गत वापरासाठी चालू असतात. परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार ग्राहकाने स्वतः बँकेच्या ॲपमधून सुरू करावे लागतात. हे न केल्यामुळे कार्ड नाकारले जाते आणि दोष इंटरनेटला दिला जातो. अमेरिकेतल्या मुलाचे कार्ड वापरता येत असेल, तर तेच उत्तम.

दुसरी, तारीख लिहिण्याची पद्धत. अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस लिहितात. आपल्या हिशेबाने ५ जून म्हणून टाकलेली ०५/०६ ही तारीख तिथे ६ मे होते. तारीख टाइप न करता कॅलेंडरवर बोट ठेवूनच निवडावी.

तिसरी, माणसांची मोजणी. मांडीवरचे तान्हे बाळसुद्धा संख्येत धरावे लागते. ३ वर्षांखालील मुलाचे पैसे बुफेच्या ठिकाणी पडत नाहीत, ३ ते ९ वयाला मुलांचा दर लागतो आणि १० वर्षे पूर्ण झालेल्यापासून पुढे मोठ्यांचा. बाळाचे पैसे नाहीत म्हणून त्याला न मोजणारी मंडळी तिथे पोहोचल्यावर एका खुर्चीसाठी अडून बसतात.

मोठ्या गटासाठी वेळ मिळत नसेल, तर आठ जणांऐवजी चार-चार अशा दोन नोंदण्या जवळच्या वेळेस मिळतात का, ते पाहावे. दोन्ही टेबले शेजारीच मिळतील याची खात्री नसते, म्हणून प्रत्येक नोंदणीत किमान एक मूल, एक ज्येष्ठ आणि इंग्रजीत बोलू शकणारा एक मोठा माणूस असावा.

काहीच मिळाले नाही, तरी निराश होऊ नये. बहुतेक ठिकाणी ठरलेल्या वेळेच्या दोन तास आधीपर्यंत नोंदणी विनाशुल्क रद्द करता येते, त्यामुळे आदल्या संध्याकाळी आणि त्याच दिवशी पहाटे जागा मोकळ्या होत राहतात. ॲप वारंवार उघडून पाहणाऱ्याला त्या मिळतात.

इशारा : न जाता आणि न रद्द करता राहिल्यास बहुतेक ठिकाणी माणशी १० डॉलर कापले जातात, आणि काही ठिकाणी सर्व रक्कम आधीच भरून घेतात. नोंदणीच्या ईमेलमध्ये लिहिलेली अट शेवटपर्यंत वाचावी आणि त्या ईमेलचे चित्र फोनमध्ये जपून ठेवावे.

टप्पा ४ : मुलाची तयारी

दोन ते चार वर्षांच्या मुलाला पडद्यावरचा मिकी तळहाताएवढा ठाऊक असतो. प्रत्यक्षात समोर येते ते बाबांहून उंच, भलेमोठे डोके असलेले आणि अजिबात न बोलणारे काहीतरी. गावात बहुरूपी दारात आला की धिटुकली पोरेही आईच्या पदराआड जातात. इथेही तसेच होते, फक्त इथे आई-वडील मुलाला पदराआडून ओढून बाहेर काढतात, कारण पैसे भरलेले असतात.

तयारी घरी दोन आठवडे आधी सुरू करावी. मुलांना भेटणाऱ्या पात्रांचे खरे व्हिडिओ दाखवावेत, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. ‘मिकी बोलणार नाही, हात हलवेल, तू पण हात हलव,’ इतके साधे सांगावे. मिकी, डोनाल्ड, गूफी, प्लूटो अशी पूर्ण मुखवट्यातली पात्रे फक्त हावभाव करतात, आणि राजकन्यांसारखी उघड्या चेहऱ्याची पात्रे बोलतात. हे आधी माहीत असलेले मूल ‘हा बोलत का नाही?’ म्हणून बिथरत नाही. मराठीच बोलणाऱ्या मुलांना आणि आजी-आजोबांना हे फार सोयीचे आहे, कारण हावभावांना भाषा लागत नाही. हात जोडून नमस्कार केला तरी भेट पूर्ण होते. राजकन्यांना भेटायचे असेल, तर मुलाला स्वतःचे नाव सांगणे आणि एखादा छोटा प्रश्न विचारणे एवढे इंग्रजी शिकवले तरी पुरे.

इशारा : ‘जेवला नाहीस तर तो मोठा उंदीर तुला घेऊन जाईल,’ असे कोणीही, अगदी प्रेमाने किंवा गमतीनेसुद्धा, म्हणू नये. बागुलबुवाची भीती घालण्याची सवय आपल्या घरांत खोलवर आहे आणि ती नेमकी या सकाळी अंगाशी येते. आजी-आजोबांना हे निघण्यापूर्वी नीट समजावून सांगावे.

टप्पा ५ : शाकाहाऱ्यांची सोय

हा विषय बहुतेक मार्गदर्शनांत एका ओळीत संपतो, पण आपल्याकडच्या अनेक घरांसाठी तोच सर्वात अवघड आहे.

अमेरिकेत शाकाहारात अंडे सर्रास धरले जाते. म्हणून ‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढे सांगून भागत नाही. मांस नाही, मासे नाहीत, अंडे नाही आणि जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेला, पदार्थ घट्ट करणारा घटक) नाही, अशा चारही गोष्टी वेगवेगळ्या उच्चाराव्यात आणि दूध-दही-लोणी चालते हेही सांगावे. नाही तर वाढणारा घाबरून दूधही काढून टाकतो. नोंदणी करताना खाण्याविषयीच्या सूचनांची जागा असेल तिथे हे लिहावे, आणि टेबलावर बसल्यावर वाढणाऱ्याला पुन्हा सांगावे. गरज पडल्यास तो आचाऱ्याला बोलावतो, आणि आचारी बुफेवर सोबत फिरून कोणता पदार्थ चालेल ते दाखवतो. संकोच करू नये. ही तिथली नेहमीची पद्धत आहे.

डिस्नेच्या पदार्थसूचीत काही पदार्थांपुढे हिरव्या पानाचे चिन्ह असते. त्या पदार्थांत मांस, दूध, अंडे आणि मध यांपैकी काहीही नसते. अंडे कटाक्षाने टाळणाऱ्यांनी पहिल्यांदा हेच चिन्ह शोधावे.

दिसायला निरुपद्रवी वाटणारे काही पदार्थ विचारल्याशिवाय घेऊ नयेत. वॉफल, पॅनकेक, मफिन यांत अंडे असते, अगदी मिकीच्या आकाराच्या प्रसिद्ध वॉफलमध्येसुद्धा. बिस्किट म्हणून जी मऊ पावासारखी वस्तू असते तिच्यावर ओतला जाणारा पांढरा रस्सा बहुधा सॉसेजचा असतो. घट्ट फळांच्या दह्यात आणि मार्शमेलोमध्ये जिलेटिन असू शकते. शिजवलेल्या घेवड्यासारख्या बियांत डुकराचे मांस घालण्याची पद्धत आहे. बटाट्याचे तळलेले तुकडे ज्या तेलात तळले त्यातच मांस तळले आहे का, हे विचारावे. कापलेली फळे, कॉर्नफ्लेक्ससारखी न्याहारी, दूध, टोस्ट-लोणी आणि ओट्सची खीर यांवर सहसा भागते. मक्याच्या रव्याची ग्रिट्स ही लापशी आपल्या जिभेला उप्पिटाजवळ जाणारी वाटते; त्यात काय घातले आहे ते विचारून घ्यावी.

खरे सांगायचे तर कडक शाकाहारी ज्येष्ठांचे या नाश्त्यात मनासारखे पोट भरत नाही. त्याची सोय आधी करावी. निघण्यापूर्वी खोलीवर दशमी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी असे घरचे थोडे खाऊन निघावे. विमानातून नेलेले कोरडे, शिजवलेले पदार्थ अमेरिकेत उतरल्यावर फॉर्मवर किंवा अधिकाऱ्यासमोर जाहीर करावेत. मांस आणि ताजी फळे-भाज्या सोबत नेऊ नयेत. बुफेच्या टेबलावर मात्र डबा उघडू नये. बाळाचे खाणे नेले तर हरकत घेत नाहीत.

तपासून घ्या : मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांच्या सकाळच्या गोळ्या जेवणाआधीच्या की नंतरच्या, आणि नोंदणीच्या वेळेपर्यंत त्यांना उपाशी ठेवणे योग्य आहे का, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. टेबल मिळायला वेळ लागू शकतो.

टप्पा ६ : आदली रात्र आणि सकाळची वाट

पिशवी रात्रीच भरावी : स्वाक्षरीची वही, जाड टोकाचे पेन, पूर्ण चार्ज केलेला फोन, ओले रुमाल, मुलाचा एक जादा शर्ट, औषधे आणि एक हलके स्वेटर. ऑरलँडो उन्हाळ्यात दमट आणि गरम असले, तरी उपाहारगृहातील वातानुकूलन आपल्याला थंड वाटते. जाड पेन यासाठी, की मुखवट्यातल्या पात्रांच्या हातमोज्यांत बारीक पेन धरता येत नाही. वहीचे कोरे पान आधीच उघडून त्यावर रबर लावून ठेवावे.

स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी हॉटेलच्या फाटकावर नोंदणी दाखवण्याची तयारी ठेवावी. ठरलेल्या वेळेच्या किमान २० मिनिटे आधी इमारतीत असावे. पार्कच्या आतील ठिकाण असेल, तर प्रवेशद्वारावरील सुरक्षा तपासणी आणि पुढची पायपीट धरून याहून बराच वेळ हाती ठेवावा. ॲपवरून आल्याची नोंद करता येते आणि टेबल तयार झाल्यावर फोनवर संदेश येतो. वाट पाहण्याच्या वेळेत सर्वांनी, विशेषतः मुलाने आणि आजी-आजोबांनी, शौचालयात जाऊन यावे. जेवताना मुलाला न्यावे लागले, तर पात्र नेमके तेव्हाच येऊन जाते.

वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस असेल, तर हॉटेलच्या स्वागतकक्षातून त्या निमित्ताचा बिल्ला विनामूल्य मिळतो. तो मुलाच्या कपड्यांवर ठळक दिसेल असा लावावा, म्हणजे पात्रांच्या लक्षात येतो.

टप्पा ७ : टेबलावर बसल्यानंतरचा क्रम

१. बसण्याची जागा ठरवा. धीट मूल वाटेच्या बाजूला बसावे, घाबरट मूल आईच्या कुशीत आणि वाटेपासून आत. आजी-आजोबांना भिंतीकडे कोंडू नये, कारण फोटोसाठी त्यांना उठता आले पाहिजे.

२. वाढणाऱ्याला लगेच दोन गोष्टी विचारा : आमच्या टेबलाकडे पात्रे साधारण केव्हा येतील, आणि आता कोणते पात्र कोणत्या भागात आहे. पात्रे ठरलेल्या क्रमाने टेबलावरून टेबलावर जातात, मधे विश्रांतीसाठी आत जातात आणि पुन्हा येतात. त्यांच्यासोबत एक कर्मचारी असतो. काही गोंधळ झाल्यास पात्राशी नव्हे, त्या कर्मचाऱ्याशी बोलावे.

३. ताटे पाळीपाळीने आणा. सर्वांनी एकदम बुफेकडे धावणे ही या सकाळची सर्वात महागडी चूक आहे. लग्नाच्या पंगतीची सवय असल्याने रांग वाढेल या भीतीने आपण सगळे एकदम उठतो. इथे पदार्थ संपत नाहीत. मुलाचे पहिले ताट एका मोठ्या माणसाने आणावे आणि मुलासोबत नेहमी एक तरी फोटो काढू शकणारा मोठा माणूस बसलेला असावा.

४. मुलाला पहिले पात्र येण्याआधी चार घास द्या. उपाशी मूल चिडते, आणि गच्च खाल्लेले मूल पेंगते. ताट लहान घ्यावे. हवे तर पुन्हा आणता येते. उरलेले बांधून नेता येत नाही, म्हणून वाया जाऊ देऊ नये.

५. पात्र दोन टेबले अलीकडे आले की थांबा. घास खाली ठेवा, हात-तोंड पुसा, फोन उघडा, वही पुढे करा. भेट एक-दोन मिनिटांचीच असते. प्रथम मुलाने हात हलवावा, मग स्वाक्षरी, मग मुलाचा एकट्याचा फोटो, शेवटी सर्व कुटुंबाचा. हा क्रम उलटला आणि मोठ्यांनी आधी स्वतःचे फोटो काढले, तर मुलाच्या वाट्याला घाई येते. घरातल्या एकानेच फोटो काढावेत. कुटुंबाच्या फोटोसाठी सोबतच्या कर्मचाऱ्याला फोन द्यावा.

६. मूल रडले तर मागे घ्या. पात्राला हाताने ‘थोडे लांब’ असे खुणावावे. ती माणसे अशा प्रसंगांत मुरलेली असतात आणि लांबूनच हात हलवतात, फ्लाइंग किस देतात. मुलाला त्यांच्या हातांत देण्याचा किंवा शेजारी जबरदस्तीने उभे करण्याचा प्रयत्न करू नये. पहिल्या पात्राला रडलेले मूल तिसऱ्या-चौथ्या पात्रापर्यंत सावरलेले अनेकदा दिसते, पण पहिल्या वेळी त्याला ओढले असेल तर ते सावरत नाही. आजोबांनी आधी हात मिळवून दाखवला, तर मूल पुष्कळदा आपण होऊन पुढे येते.

इशारा : दुसऱ्यांच्या टेबलावर भेट चालू असताना मधे जाऊन फोटो काढू नये आणि वाटेत पात्राचा पाठलाग करू नये. मुखवट्यातून बाजूचे नीट दिसत नाही. अंगावर पाठीमागून येणारे किंवा शेपटी ओढणारे मूल धडपडू शकते.

तपासून घ्या : तासाभराने ठरलेल्या पात्रांपैकी कोण राहिले, ते मोजा. एखादे राहिले असेल, तर वाढणाऱ्याला नम्रपणे सांगा. बिल मागण्याआधी सांगितल्यास तो त्या पात्राला आपल्याकडे आणण्याची व्यवस्था करतो.

टप्पा ८ : बिल

संकेतस्थळावरच्या दरात कर आणि वाढणाऱ्याची टीप धरलेली नसते. दर ठिकाणानुसार आणि तारखेनुसार बदलतात. समजा, मोठ्यांचा दर ५५ डॉलर आणि मुलाचा ३५ डॉलर आहे. आई-वडील, आजी-आजोबा आणि ६ वर्षांचे एक मूल यांचे मूळ बिल २५५ डॉलर होते. त्यावर ६.५ टक्के कर म्हणजे सुमारे १७ डॉलर, आणि १८ टक्के टीप धरली तर सुमारे ४६ डॉलर. एकूण जवळपास ३१८ डॉलर. रुपयांत हा आकडा नोंदणीपूर्वीच काढावा. तो जड वाटत असेल, तर आई आणि मूल यांच्यापुरतीच नोंदणी करून बाकीच्यांनी बाहेर चहा घेणे हा पूर्णपणे सन्माननीय मार्ग आहे. पात्रे पार्कमध्ये रांग लावूनही भेटतात, त्याचे वेगळे पैसे नसतात.

अमेरिकेत वाढणाऱ्याच्या कमाईचा मोठा भाग टीपवर अवलंबून असतो, म्हणून बुफे असला तरी ती द्यावी. ६ किंवा त्याहून अधिक माणसांच्या गटाला १८ टक्के रक्कम बिलात आपोआप लावली जाते. ती लागली आहे का, हे वाचूनच टीपचा रकाना भरावा. दोनदा टीप दिल्याचे अनेकांना घरी आल्यावर कळते. १० वर्षांखालील मुलाला चुकून मोठ्यांचा दर लावला नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे आणि चूक असल्यास सही करण्यापूर्वी दाखवून द्यावी.

त्यानंतर लगेच पुढचा कार्यक्रम ठेवू नये. मुलाला दुपारी झोपू द्यावे, आणि नुकतेच भारतातून आलेल्या आजी-आजोबांनाही जेवण होईपर्यंत जागे ठेवून मग तासभरच झोपू द्यावे, म्हणजे रात्रीची झोप मोडत नाही.